ऑफिस नसलेल्या कंपनीची हत्यारे

मासिकासाठी काहीतरी द्या म्हटलं की होस्टेलमधून कविता येतात, स्टाफकडून चिंतन येते आणि उरलेली पाने व्यंगचित्रांनी भरतात. मी देतोय तो लेख कोरडा आहे, हे आधीच सांगून टाकतो. मेकॅनिकलच्या पोराने ऑनलाइन साधनांवर लिहावे याचे कॉम्प्युटरवाल्यांना हसू येईल. येऊ दे. या विषयाची फी आम्ही रोख भरली आहे, ती कशी ते पुढे येईलच.

गेली दोन वर्षे आम्ही चौघे मिळून एक छोटा धंदा चालवतो. (घरी 'धंदा' म्हटलं की प्रश्न सुरू होतात, म्हणून घरी त्याला 'प्रोजेक्ट' म्हणतो.) कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीत छोट्या छोट्या फाउंड्र्या आहेत. त्यांच्याकडे पार्टची जुनी ड्रॉइंग असतात : घड्या पडलेले अमोनिया प्रिंट, कडा फाटलेले, त्यावर पेन्सिलीने केलेल्या दुरुस्त्या. ती घ्यायची, मापे ताडायची आणि कॅडमध्ये स्वच्छ करून द्यायची. दोघे आम्ही होस्टेलवर, तिसरा कोल्हापुरात घरी, चौथा पुण्यात नोकरीला. तो रात्री तपासणी करतो. आम्हाला ऑफिस नाही, पाटी नाही, टेबल नाही. चौघे एका खोलीत शेवटचे कधी बसलो तेही आठवत नाही. तेव्हा आमची कंपनी म्हणजे आमची साधनेच. ती चुकली की कंपनी चुकली.

सुरुवात आम्ही सगळे करतात तशीच केली. काम यायच्या आधी अॅप आली! पहिल्याच आठवड्यात कामे वाटायला एक, वेळ मोजायला एक, गप्पांना एक, नोंदींना एक अशी अकरा खाती उघडली. गिऱ्हाइके होती दोन. महिन्याभराने पाहिलं तर अकरापैकी तीन चालू होती आणि बाकीच्यांचे पासवर्डही कुणाला आठवत नव्हते. प्रॉडक्शनच्या सरांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आधी प्रोसेस शीट, मग मशीन. हे तुला तिसऱ्या सेमला शिकवलंय ना रे?" शिकवलं होतं, आणि जर्नलमध्ये लिहूनही दिलं होतं. मग वहीच्या पाठीमागच्या पानावर काढलं : चौकशी, कोटेशन, कागद हातात येणे, ड्रॉइंग, तपासणी, पाठवणी, बिल, पैसे. आठ पायऱ्या. प्रत्येक पायरीला एकच प्रश्न विचारायचा, इथे चूक झाली तर कोणाचं किती नुकसान? जिथे उत्तर मोठं, तिथे साधन निवडायला वेळ घालवायचा. जिथे लहान, तिथे फोन आणि वही पुरते.

सगळ्यात मोठं उत्तर कुठे निघालं? पाठवणीत. पण आम्हाला ते कागदावर दिसलं नाही, प्रत्यक्ष दिसलं.

एका पंपाच्या बेअरिंग हाउसिंगचे काम होते. मूळ ड्रॉइंगमध्ये बेअरिंग ६२०६, म्हणजे बोअर ६२. मध्येच मालकांचा फोन आला, शाफ्ट जाड केलाय, आता ६२०७ बसवायचं. ६२०७ चा बाहेरचा व्यास ७२. बोअर वाढला म्हणजे बाहेरचा बॉसही ८६ चा ९६ करायला हवा, नाहीतर भिंत पातळ होते. कोल्हापूरच्या मित्राने त्याच रात्री दुरुस्ती करून फाइल ग्रुपवर टाकली. नाव : हाउसिंग फायनल नवीन. माझ्या लॅपटॉपवर आधीच हाउसिंग फायनल होती आणि हाउसिंग फायनल २ सुद्धा. दुसऱ्या दिवशी सबमिशनच्या धांदलीत मी पॅटर्नवाल्या मिस्त्रींना प्रिंट पाठवली ती 'फायनल २' ची. मला वाटलं दोन म्हणजे नंतरची. ती होती बोअर बदलण्याच्या आधीची.

मिस्त्रींनी लाकडी पॅटर्न केला, कोअर बॉक्स केला. अकरा कास्टिंग ओतून झाली. मशीन शॉपमध्ये नवे बेअरिंग हातात घेऊन ऑपरेटर उभा राहिला तेव्हा सगळ्यांना कळले. बोअर ७२ पर्यंत फोडता आला असता, पण मग ८६ च्या बॉसमध्ये भिंत उरते फक्त ७ मिलिमीटर. हवी होती १२. अकराही कास्टिंग परत भट्टीत. मालक शांत माणूस आहेत, ओरडले नाहीत. मिस्त्रींचा फोन आला. "पोरांनो, मी तुमच्या कागदावर काम केलंय. कागद चुकला तर मी काय करणार?" यावर काय बोलणार! पॅटर्न आणि कोअर बॉक्स पुन्हा करायचे साडेनऊ हजार आम्ही दिले. तेव्हा आमची शिल्लक अकरा हजार होती. पुण्याचा मित्र दोन आठवडे माझ्याशी कामापुरतंच बोलला.

यानंतर आम्ही साधन शोधायला बसलो. कॉम्प्युटरच्या मित्रांनी एकमुखाने सांगितले, गिट वापरा. लिनस टोरवाल्ड्सने २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी ते बनवलं आणि प्रोग्रॅमिंगवाल्यांचं त्याच्यावाचून पान हलत नाही. आम्ही आठवडाभर वापरून पाहिलं. पण गिटची खरी गंमत मजकुराच्या फाइलींमध्ये आहे. कुठली ओळ बदलली हे ते दाखवते, दोघांचे बदल जुळवूनही देते. डीडब्ल्यूजी ही बायनरी फाइल. 'बदल झाला' एवढंच त्याला कळतं, काय बदललं ते सांगता येत नाही. शिवाय कोल्हापूरच्या मित्राला काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करायचा कंटाळा. चौघांपैकी एक जण जे साधन वापरणार नाही ते साधन नापास, हा नियम आम्ही तिथे केला.

शेवटी जे केलं ते इतकं साधं आहे की सांगायला लाज वाटते. ऑनलाइन ड्राइव्हवर एकच फोल्डर. प्रत्येक कामाला नंबर. फाइलच्या नावात 'फायनल' हा शब्द बंद! कामाचा नंबर, पार्टचे नाव, सुधारणा ०, १, २, आणि तारीख. नवी सुधारणा आली की जुनी फाइल त्याच क्षणी 'रद्द' नावाच्या फोल्डरात. बाहेर जाते ती फक्त पीडीएफ, तीही फोल्डरमधूनच उघडून. स्वतःच्या लॅपटॉपवरची फाइल पाठवायची नाही. ड्रॉइंगच्या टायटल ब्लॉकमध्ये सुधारणा क्रमांक आणि फाइलच्या नावातला क्रमांक जुळतात का, हे पाठवणारा सोडून दुसऱ्याने पाहायचे. तांत्रिक चित्रकलेच्या पहिल्या वर्षात टायटल ब्लॉकला सुधारणांचा रकाना का असतो, हे मला तिसऱ्या वर्षात असे कळले.

व्हॉट्सअॅपबद्दल एक छोटी गोष्ट. फाउंड्रीवाले जुन्या ड्रॉइंगचे फोटो त्यावर पाठवतात आणि फोटो म्हणून पाठवले की ते दाबले जातात, बारीक आकडे पुसट होतात. ३ चा ८ व्हायला तेवढं पुरतं. तेच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवले तर मूळ फाइल जशीच्या तशी येते. प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला हे फोनवर शिकवावं लागतं. लागू दे.

आता कॅडचा विषय. हा इथल्या प्रत्येकाला लागू आहे म्हणून जरा स्पष्ट लिहितो. आपल्या सगळ्यांकडे ऑटोकॅडची विद्यार्थी आवृत्ती आहे. ती शिकण्यासाठी फुकट आहे, पैसे घेऊन केलेल्या कामासाठी नाही, असं तिच्या करारातच लिहिलेलं असतं. पूर्वीच्या आवृत्त्यांत तर प्रिंटच्या कडेला 'शैक्षणिक' असा शिक्काच उमटायचा आणि ती फाइल दुसऱ्याच्या ड्रॉइंगमध्ये घेतली की शिक्का त्यालाही लागायचा, खरजेसारखा! शिक्का गेला म्हणून करार गेला असे नाही. क्रॅकबद्दल मी काही बोलत नाही, सगळ्यांना सगळं माहीत आहे. एवढंच की क्रॅकबरोबर काय काय येतं हे आमच्या मजल्यावरच्या एकाने पूर्ण हार्ड डिस्क गमावून पाहिले.

मग उरतात मुक्त साधने. टू-डीसाठी लिब्रेकॅड, थ्री-डीसाठी फ्रीकॅड. फ्रीकॅड २००२ पासून आहे. सुरुवातीला हात वळत नाही, शिव्या येतात, पण आमच्या कामाला पुरते. अडचण फाइलींच्या प्रकाराची. गिऱ्हाइकाला डीडब्ल्यूजी हवी असते आणि तो प्रकार ऑटोडेस्कचा स्वतःचा, त्याचा आराखडा त्यांनी खुला केलेला नाही. डीएक्सएफ मात्र त्यांनीच देवाणघेवाणीसाठी काढला, १९८२ मध्ये पहिल्या ऑटोकॅडबरोबर, आणि तो जवळजवळ सगळीकडे उघडतो. आम्ही गिऱ्हाइकाला आता डीएक्सएफ आणि पीडीएफ देतो. दोन वर्षांत एकाच माणसाने डीडब्ल्यूजीच पाहिजे म्हणून हट्ट धरला. पुण्याच्या मित्राने एका महिन्याचा परवाना विकत घेऊन ते काम केले आणि ते पैसे कोटेशनमध्ये धरले. एका महिन्याचं मशीन भाड्याने घ्यावं तसं.

डोमेनची हकीकत मात्र मनस्तापाची आहे. वेबसाइट करायची म्हणून ओळखीतल्या एका डिझायनरला काम दिले. त्याने डोमेन, होस्टिंग, पाने सगळे एकत्र 'पॅकेज'मध्ये दिले. आम्ही खूश. वर्ष संपलं तेव्हा तो दुसऱ्या शहरात, फोन बंद. डोमेन त्याच्या नावावर, त्याच्या ईमेलवर नोंदलेले. नूतनीकरणाची सूचना त्याला गेली, आम्हाला नाही. एका सकाळी साइट बंद आणि त्याबरोबर त्या नावावरचे ईमेलही बंद. दोन कोटेशनच्या चौकशा त्या काळात येऊन गेल्या असाव्यात. आम्हाला कधीच कळणार नाही.

यात समजून घ्यायची गोष्ट अशी. डोमेन, होस्टिंग आणि ईमेल या तीन वेगळ्या वस्तू आहेत. एकाच दुकानात मिळतात म्हणून एक वाटतात. डोमेन म्हणजे नाव, ते वर्षाच्या भाड्याने मिळते, विकत कधीच नाही. डॉट इनची नावे सांभाळणारी मूळ संस्था निक्सी आणि आपण तिच्या मान्यताप्राप्त विक्रेत्याकडून नाव घेतो. त्या नावाच्या नोंदींमध्ये लिहिलेलं असतं की वेबसाइट कुठल्या सर्व्हरवर आहे (ए रेकॉर्ड) आणि टपाल कुठे टाकायचं (एमएक्स रेकॉर्ड). नाव तुमच्या हातात असेल तर होस्टिंगवाला उद्या पळून गेला तरी नोंद बदलून दुसरीकडे जाता येते. नाव दुसऱ्याच्या हातात असेल तर काहीच करता येत नाही. म्हणून नाव स्वतःच्या खात्यावर, स्वतःच्या कार्डाने, आणि सूचनेचा ईमेल त्याच डोमेनवरचा नको. घराची किल्ली घरात ठेवून कुलूप लावल्यासारखं होतं ते. दुसरं नाव घेतलं तेव्हा एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या नोंदीही पहिल्याच दिवशी घातल्या. त्या नसतील तर आपले कोटेशन स्पॅममध्ये जाऊन पडते आणि आपण इकडे मालकांना कंजूष म्हणत बसतो.

फुकट साधनांविषयी माझं मत सांगतो. फुकट वापरावं. आम्ही बहुतेक फुकटच वापरतो. पण ते कधीतरी जाणार, असं धरून वापरावं. जिओसिटीज २००९ मध्ये गेलं, आपल्या दादा-ताईंचं ऑर्कुट २०१४ मध्ये, याहू ग्रुप्स २०२० मध्ये, स्काइप २०२५ मध्ये. हेरोकूचा फुकट सर्व्हर २०२२ च्या नोव्हेंबरात बंद झाला आणि किती जणांचे अंतिम वर्षाचे प्रोजेक्ट त्यावर चालत होते ते विचारू नका. कधी कंपनी नाही, सरकारच बंद करते. जून २०२० मध्ये भारताने ५९ चिनी अॅपवर बंदी घातली. टिकटॉकची चर्चा फार झाली, पण त्याच यादीत कॅमस्कॅनर होते आणि कितीतरी दुकानदारांची बिले त्यात होती.

म्हणून कुठलेही साधन घेताना आम्ही पहिल्याच दिवशी त्यातून बाहेर पडून पाहतो. दहा खोट्या नोंदी भरायच्या आणि मग 'एक्स्पोर्ट' दाबायचं. सीएसव्ही किंवा पीडीएफ निघते का? निघालेली फाइल लिब्रेऑफिसमध्ये उघडते का? मराठी अक्षरे जागेवर राहतात का? या शेवटच्या प्रश्नावर एक बिलाचे अॅप आम्ही सोडले, कारण मालकांचे नाव बाहेर पडले ते प्रश्नचिन्हांच्या रांगेत. ओघाने आलं म्हणून सांगतो. गिऱ्हाइकांच्या पत्त्यांची एक जुनी यादी आम्हाला मिळाली होती, ती कृतिदेवमध्ये. फॉन्ट काढला की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी, शोधायला गेलं तर काहीच सापडत नाही. युनिकोडमध्ये 'शिरोली' म्हणजे कुठल्याही यंत्रावर 'शिरोली'च. ती यादी होस्टेलवर बसून दोन रात्रीत पुन्हा टाइप केली.

पैशाचा भाग लहान आहे, कारण पैसेही लहान आहेत. आम्ही यूपीआय किंवा बँक ट्रान्सफर घेतो. यूपीआयवर दुकानदाराला लागणारे शुल्क जानेवारी २०२० पासून शून्य आहे. साइटवर पेमेंट गेटवे लावावा असा एकाचा आग्रह होता. गणित केले. कार्डावर समजा २ टक्के, त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे हजारामागे २३ रुपये ६० पैसे. महिन्याला सहा बिले, सगळी ओळखीच्या माणसांची. गेटवे कशाला? दुसरं गणित 'दर माणशी दर महिना' या भावाचं. १५० रुपये ऐकायला चहा-वड्याचे वाटतात. चार माणसे, बारा महिने, ७,२०० रुपये. एका मेस बिलाच्या वर गेले. आणखी एक खड्डा परदेशी साधनांचा. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे कार्डावरून दर महिन्याचे आपोआप पैसे कापायला आधी सूचना आणि नोंदणी लागते. ज्यांची व्यवस्था त्यात बसत नाही त्यांचे पैसे कापले जात नाहीत. आमचं एक साधन असंच ऐन कामात बंद पडलं, खात्यात पैसे असूनही. जीएसटीची नोंदणी आम्हाला लागत नाही, सेवांसाठी महाराष्ट्रात मर्यादा वर्षाला २० लाखांची आहे. त्या आकड्याकडे आम्ही चंद्राकडे पाहावं तसं पाहतो.

बॅकअप. इथे बहुतेकांचा गैरसमज असतो, आमचाही होता. ड्राइव्हवर फाइल आपोआप जाते म्हणजे बॅकअप झाला असं नाही. ते सिंक. लॅपटॉपवर चुकून पुसली की तिकडेही पुसली जाते. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, एक इमारत पूर्ण गेली. ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता त्यांच्यापैकी काहींचे मूळही गेले आणि बॅकअपही. आग काय, डेटा सेंटरलाही लागते. जुना नियम आहे, तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या गावात. आमची दुसऱ्या गावची प्रत कोल्हापूरच्या मित्राच्या कपाटातल्या हार्ड डिस्कवर असते, दर रविवारी. नेटवरून का नाही? होस्टेलच्या नेटला रात्री दोन एमबीपीएस अपलोड मिळालं तर १ जीबी म्हणजे ८,००० मेगाबिट, भागिले २, चार हजार सेकंद. तासाभराहून थोडं जास्त, तेही मध्ये तुटलं नाही तर. चाळीस जीबीची डिस्क एसटीने लवकर पोहोचते! आणि दर सेमला एकदा त्या डिस्कवरची कुठलीही एक फाइल उघडून पाहायची. पहिल्यांदा उघडली तेव्हा उघडली नव्हती.

बोलायला आम्ही साधा ग्रुप कॉल वापरतो, त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, व्हॉट्सअॅप, इन्स्टाग्राम सगळे सहा तास बंद होते. तसा दिवस पुन्हा आला तर काय, म्हणून गिऱ्हाइकांचे नंबर वहीतही लिहिलेत. पासवर्ड पासवर्ड-मॅनेजरमध्ये, आणि महत्त्वाच्या खात्यांना दुहेरी कुलूप. त्याचे जादा कोड कागदावर छापून दोन ठिकाणी ठेवलेत, कारण माझा फोन गॅदरिंगला हरवला तेव्हा कोड सांगणारं अॅप त्यातच होतं आणि डोमेनच्या खात्यात शिरायला नऊ दिवस लागले.

तर आज आमच्याकडे काय उरलं? एक ड्राइव्ह, एक डोमेन, एक ईमेल, लिब्रेकॅड-फ्रीकॅड, हिशोबाची एक स्प्रेडशीट, एक हार्ड डिस्क, एक वही. अकराचे सात, त्यातलं एक कागदाचं. बिलांचं काही अजून ठरलेलं नाही. पुण्याचा मित्र टॅली घेऊ म्हणतो, मी म्हणतो महिन्याला सहा बिलांना स्प्रेडशीट पुरते. भांडण चालू आहे.

मिस्त्रींना पीडीएफ पाठवतोच, पण ते फोनवर ड्रॉइंग पाहत नाहीत. त्यांच्याकडे ए-३ ची प्रिंट जाते, कोपऱ्यात लाल पेनने सुधारणा क्रमांक मोठा लिहून. त्यावर ते तारीख घालून सही करतात, त्यांचा मुलगा फोटो काढून पाठवतो आणि तो फोटो त्या कामाच्या फोल्डरात जातो. तो आल्याशिवाय लाकूड कापायचं नाही, ही अट मिस्त्रींनीच घातली.